ब्री की कामांबेर? आधी दही कसं लागलंय ते बघा

फ्रान्समध्ये राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी सुपरमार्केटमधून एक ब्री आणलं, एक कामांबेर आणलं, पाहुणे यायच्या आधी दोन्हींच्या फोडी करून एकाच ताटलीत मांडल्या आणि कुठल्या फोडी कशाच्या हे साफ विसरून गेले. पाहुण्यांत दोघं जन्मानं फ्रेंच. त्यांनी चाखलं, पुन्हा चाखलं आणि दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली. वर पांढरा मखमली पापुद्रा, आत फिकट पिवळा गर, लोण्यासारखी चव, जिभेला लागणारं जरासं मीठ. पुढे काही नाही. माझी जीभ वरण-भाताची, तिला यातलं काय कळणार, असं मी म्हटलं असतं. पण त्या दोघांचं काय?

(कामांबेरच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ट आहे, म्हणून आपल्याकडे सर्रास कॅमेम्बर्ट म्हणतात. फ्रेंच माणूस तो ट गिळून टाकतो.)

पुढे कळलं की चूक जिभांची नव्हती. त्या दोन चीजमध्ये फरक जवळजवळ नव्हताच. तो का नव्हता ते सांगते, पण त्याआधी थोडं दह्याकडे जावं लागेल. दूध कसं घट्ट केलं आणि मग ते कसं मुरवलं, एवढं समजलं की युरोपातलं निम्मं मऊ चीज नुसतं कापून ओळखता येतं. आणि ज्याच्या घरी रोज रात्री विरजण लागतं त्याला हे समजायला फ्रेंच माणसापेक्षा कमी वेळ लागतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दोन तऱ्हांचं दही

दूध घट्ट करायच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली आपली. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात, आम्ल सोडतात आणि दूध आंबट होत होत रात्रभरात लागतं. दुसरी रेनेटची. दूधपित्या वासराच्या पोटात दूध पचवणारा जो रस असतो, तो कोमट दुधात थोडासा घातला की दूध फारसं आंबट न होताच थिजतं, खरवसासारखं थरथरतं.

दोन्ही दही दिसायला सारखी, हाताला मात्र अगदी वेगळी. याचं कारण कॅल्शियम. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे असतात आणि ते बांधून ठेवायचं काम कॅल्शियम करतं, जुन्या भिंतीतल्या चुन्यासारखं. आंबटपणा वाढला की हा चुना विरघळून निवळीत उतरतो. म्हणून दह्याची कवडी चमच्यानं मोडते, चक्का बोटांत पसरतो, ओढायला गेलं तर तुटतो. रेनेटनं लागलेल्या दह्यात चुना जागच्या जागी राहतो. त्याच्या सुरीनं वड्या पडतात, वडी दाबली तर उसळते, आणि स्वतःच आकसून निवळी बाहेर टाकते.

युरोपातली बहुतेक मऊ चीज या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतात. दुधात विरजणही घालतात आणि रेनेटही. कुणाचा हात किती वर, एवढाच प्रश्न. तो प्रश्न सोडवला की चीजचं घराणं कळतं.

आता बुरशी. ब्री, कामांबेर आणि त्यांच्या भावंडांवरचा पांढरा पापुद्रा म्हणजे पेनिसिलियम जातीची मुद्दाम वाढवलेली बुरशी. ती खायचीच असते; पापुद्रा कोरून ताटात ठेवणारा माणूस फ्रान्समध्ये जरा केविलवाणा दिसतो. पण तिचं खरं काम चवीच्याही आधी सुरू होतं. कामांबेर जन्मतः मऊ नसतं. दोन-तीन दिवसांचं कामांबेर खाल्लं तर ते आंबट, ठिसूळ, खडूसारखं लागेल, कारण आंबटपणानं त्यातला बराचसा चुना सैल केलेला असतो. मग वर बुरशी उगवते. ती पृष्ठभागावरचं आम्ल खाऊन टाकते, प्रथिनं मोडून अमोनिया सोडते. सालीजवळचा आंबटपणा उतरतो, आतलं कॅल्शियम सालीकडे ओढलं जातं आणि सालीखालचा गर सैल होऊ लागतो. हे सैल होणं रोज थोडं थोडं आत सरकतं. म्हणून अर्धवट मुरलेलं चीज कापलं की वर-खाली मऊ, चकचकीत गर आणि मधोमध पांढरी खडूची रेघ दिसते. रेघ जितकी जाड तितकं चीज कोवळं. रेघ गेली की चीज आतपर्यंत मुरलं.

मी तेव्हा पॅरिसच्या आग्नेयेला, मलँ नावाच्या गावाजवळ राहत होते. तिथल्या शनिवारच्या बाजारातल्या चीजवाल्या बाई कामांबेरची पेटी उघडून अंगठ्यानं दोन ठिकाणी दाबायच्या, एकदा कडेला, एकदा मधोमध. दोन्हीकडे सारखंच दबलं तर आतपर्यंत तयार. मधोमध गोटीसारखं लागलं तर अजून खडू बाकी. दाबायच्या आधी मात्र त्या न चुकता एक प्रश्न विचारायच्या: कधी खाणार, आज दुपारी की उद्या रात्री? आपल्याकडे आंबेवाला पेटीतून फळ काढायच्या आधी हेच विचारतो. सुरुवातीला मला तो निव्वळ गप्पांचा भाग वाटायचा. एकदा ‘कधीही’ म्हटलं तर बाईंनी हातातलं चीज परत ठेवलं.

थाळीएवढं आणि वाटीएवढं

चीज बाहेरून आत मुरतं, तेव्हा ते फार जाड करून चालत नाही. जाड केलं तर कडा वाहू लागेपर्यंत मध्य कच्चाच राहील. म्हणून ब्री आणि कामांबेर यांची जाडी जवळपास सारखी असते, अडीच-तीन सेंटिमीटर. फरक आहे तो घेरात. मो गावचं ब्री, म्हणजे ब्री द मो, ३६-३७ सेंटिमीटर व्यासाचं असतं, जेवायच्या ताटाहून मोठं. वजन सुमारे २.६ किलो, आणि एका चकतीला साधारण २५ लिटर दूध लागतं. कामांबेर जेमतेम ११ सेंटिमीटरचं, २५० ग्रॅमचं. दूध सव्वादोन लिटरच्या आसपास.

नुसता आकार वेगळा, मग त्यात काय मोठंसं, असं वाटेल. हिशेब करून बघा. कामांबेरला वरची साल, खालची साल आणि सगळीकडून कड. ब्रीच्या त्रिकोणी फोडीला वरची-खालची साल आहे, पण कड फक्त मागच्या टोकाला. तेवढ्याच गरामागे कामांबेरला ब्रीपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शानं जास्त साल मिळते. साल जास्त म्हणजे बुरशी जास्त, मुरणं जास्त, वास जास्त. चांगल्या कामांबेरला उकडलेल्या कोबीचा, ओल्या मातीचा, अळंब्यांचा वास येतो. चांगल्या ब्रीला वास असतो, पण त्यात साय आणि भाजलेल्या सुक्या मेव्याची छटा पुढे असते.

दह्यातही फरक आहे. ब्री द मोचं दही रेनेटनं लागतं आणि ते साच्यात भरायला एक खास हत्यार आहे: मोठी, चपटी, भोकं पाडलेली पळी. आपला झारा डोळ्यांसमोर आणा, मात्र तळणाचा नव्हे, चांगला ताटाएवढा. त्यानं दह्याचे पातळ पापुद्रे उचलून एकावर एक अंथरतात. कामांबेरला खोल पळी, वरणाच्या डावासारखी. एक पळी दही साच्यात ओतायचं, सुमारे ४० मिनिटं निथळू द्यायचं, मग दुसरी पळी. साधारण पाच पळ्यांत साचा भरतो. दही मोडायचं नाही, हा दोन्हींतला नियम. मोडलं की निवळी भराभर निघून जाते आणि गर कोरडा पडतो.

आता ब्रीच्या घरातलंच भांडण. आमच्या मलँ गावचं ब्री वेगळं. ते लहान, २७-२८ सेंटिमीटरचं, दीड ते पावणेदोन किलोचं. पण खरा फरक असा की त्याचं दही मुख्यतः आंबटपणानं लागतं, निदान १८ तास. म्हणजे ते आपल्या दह्याच्या जवळचं. त्यामुळे गर मोच्या ब्रीसारखा लवचीक आणि रेशमी होत नाही, जरा दाणेदार राहतो. चव खारट, तिखट, नाकात जाणारी. मोचं ब्री गोडसर स्वभावाचं, मलँचं फटकळ. व्हिएन्नाच्या १८१४-१५ च्या राजकीय परिषदेत तालेराँ या फ्रेंच मुत्सद्द्यानं ब्रीला चीजचा राजा ठरवून घेतलं, अशी कथा फ्रान्समध्ये सगळे सांगतात. तो मान मोच्या ब्रीचा की मलँच्या, यावर दोन गावांचं अजून पटलेलं नाही.

कामांबेरचीही कथा आहे. १७९१ मध्ये नॉर्मंदीतल्या कामांबेर गावात मारी आरेल नावाच्या बाईनं ब्री नावाच्या भागातून आलेल्या, फ्रेंच क्रांतीत लपून राहिलेल्या एका धर्मगुरूकडून कृती शिकली आणि हे चीज बनवलं. गोष्ट छान आहे, पण १७०८ मध्ये छापलेल्या एका भूगोलकोशात त्या गावच्या चीजचा उल्लेख आधीच आहे. तरीही १९२८ मध्ये शेजारच्या विमूतिए गावात बाईंचा पुतळा उभा राहिला. त्याचं निमित्त एक अमेरिकन डॉक्टर. कामांबेरनं आपल्या रोग्यांचं पोट सुधारलं म्हणून तो आभार मानायला समुद्र ओलांडून आला होता! १९४४ च्या बॉम्बफेकीत तो पुतळा फुटला. नंतरचा पुतळा पुन्हा अमेरिकेतल्या ओहायोच्या चीज कामगारांनी भेट दिला. कामांबेर खऱ्या अर्थानं देशभर पोचलं ते लाकडी पेटीमुळे, जी १८९० च्या सुमारास आली, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात गेल्यामुळे. अकरा सेंटिमीटरची चकती पेटीत बसते. ब्रीची थाळी खंदकात कोण नेणार?

या दोघांच्या मधलं कुलोमिए. ब्रीच्याच भागातलं, १३-१४ सेंटिमीटरचं, कामांबेरपेक्षा मोठं आणि जरा जाडसर. लहान पेटीत ब्रीचा स्वभाव हवा असेल तर हे घ्या. यापेक्षा जास्त त्याच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

मग माझ्या ताटलीत काय होतं?

ब्री किंवा कामांबेर हे नुसते शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. जर्मनीत, डेन्मार्कमध्ये, अमेरिकेत, भारतात कुणीही बनवावं आणि तेच नाव द्यावं. राखीव आहे ते पूर्ण नाव: ‘ब्री द मो’, ‘ब्री द मलँ’, ‘कामांबेर द नॉर्मंदी’. आपल्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जीआय मानांकन आहे तशी तिकडची एओपी नावाची लाल-पिवळी गोल मोहर. मोच्या ब्रीला फ्रान्सचं संरक्षण १९८० मध्ये मिळालं, नॉर्मंदीच्या कामांबेरला १९८३ मध्ये. मोहर असलेलं कामांबेर कच्च्या, म्हणजे न तापवलेल्या दुधाचं असतं, पळीनं भरलेलं असतं, निदान तीन आठवडे मुरवलेलं असतं, आणि ज्या कळपाचं दूध त्यातल्या निदान निम्म्या गाई नॉर्मंद जातीच्या असतात.

मोहर नसलेलं बहुतेक ब्री-कामांबेर कारखान्यात वेगळ्याच वाटेनं जातं. तिथे दह्याला पुरतं आंबटच होऊ देत नाहीत. आंबटपणा लवकर थांबवणारे जिवाणू वापरतात, कधी दह्यातली साखरच पाण्यानं धुऊन काढतात. चुना जागेवर राहतो. त्यामुळे चीज पहिल्या दिवसापासून मऊ, लवचीक आणि आतून एकसारखं. खडूची रेघ नाही, कधी नव्हतीच. बुरशी वरून कोट घातल्यासारखी बसते, आत फारसं काही बदलत नाही. दुकानदाराला हे सोयीचं, कारण कडा वाहत नाहीत, वास उग्र होत नाही, आठवडेच्या आठवडे फळीवर तसंच राहतं. पण मग तेच दही मोठ्या साच्यात ओतलं की ब्री आणि लहान साच्यात ओतलं की कामांबेर. माझ्या ताटलीत तेच होतं, आणि त्या दोन फ्रेंच पाहुण्यांना मी उगाच अडचणीत टाकलं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत येणारं परदेशी ब्रीही बहुधा याच वाणाचं. वाईट नसतं, टोस्टवर मिरपूड घालून चांगलं लागतं. फक्त त्यावरून ब्री आवडतं की नाही हे ठरवू नका.

ओळखायचं कसं? साल बघा. कारखान्यातली साल एकसारखी पांढरी, नव्या टॉवेलसारखी. कच्च्या दुधाच्या मुरलेल्या चकतीवर तांबूस-तपकिरी रेघा आणि डाग असतात. ते खराब झाल्याचं लक्षण नाही. उलट, एकोणिसाव्या शतकातलं कामांबेर वरून निळसर-करडंच असायचं. शुभ्र साल ही विसाव्या शतकात प्रयोगशाळेतून निवडून घेतलेल्या बुरशीची देणगी. मग बोटानं दाबा: रबरासारखं परत उसळलं तर चुना शाबूत आहे. आणि कापून दहा मिनिटं ठेवा. खरं कामांबेर हळूहळू फुगून कापाच्या बाहेर येतं, कारखान्यातलं जसंच्या तसं उभं राहतं. नाकाला झोंबणारा अमोनिया आला तर थोडा वेळ उघडं ठेवून बघा. तरीही गेला नाही, तर त्याचे दिवस भरले.

गरोदर बाईनं मात्र हे प्रयोग करू नयेत. मऊ, कमी आंबट, ओलसर चीज लिस्टेरिया नावाच्या जिवाणूला मानवतं. ब्रिटनची आरोग्यसेवा पांढऱ्या बुरशीचं मऊ चीज पाश्चराइज्ड असलं तरी गरोदरपणात वाफा येईपर्यंत शिजवल्याशिवाय खाऊ नका असं सांगते.

चक्क्याच्या गोतातली

आंबटपणानं लागलेल्या दह्याचं घराणं वेगळं, आणि मराठी जिभेला ते पटकन आपलं वाटतं. नॉर्मंदीतलंच नफशातेल घ्या. बाहेरून कामांबेरचीच पांढरी साल, पण आकार बहुधा बदामाचा. शंभर वर्षांच्या युद्धात तिथल्या मुली इंग्रज शिपायांना हृदयाच्या आकाराचं चीज द्यायच्या, ही दंतकथा दुकानदार आवडीनं सांगतात. कापलं की गर वाहत नाही. दाणेदार, खारट, भुसभुशीत. टांगून ठेवलेल्या चक्क्यावर मीठ शिंपडून बुरशी लावली तर जे होईल ते. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की जुन्या पद्धतीत ताज्या चक्क्यात मुरलेल्या नफशातेलचे तुकडे कुस्करून घालतात, म्हणजे बुरशीचं बीज आतूनच जातं. यालाच आपण विरजण म्हणतो. अमेरिकेत याच नावानं विकलं जातं ते जरा कमी चरबीचं क्रीम चीज आहे, त्याला बुरशी नाही, त्याचा याच्याशी नावापुरताच संबंध.

शाउर्स हे शाम्पेन भागाकडचं. उंच, डब्यासारखं. मघाशी मी म्हटलं की जाड चीज आतपर्यंत मुरत नाही. शाउर्सला मुरायचंच नसतं. सालीखाली सायीसारखा पातळ थर आणि मधे मुद्दाम राखलेला पांढरा, आंबटसर, खडूसारखा गाभा. अर्धा सेंटिमीटर साय, मग चक्का, असा घास तोंडात येतो. कामांबेरमध्ये खडूची रेघ म्हणजे कच्चेपणा, इथे तीच चैन.

आणि मग ब्रिया-सावारँ, तिप्पट सायीचं म्हणतात ते. दुधात वरून साय घालून बनवलेलं, कोरड्या भागाच्या निदान ७२ टक्के चरबी. इथे वेष्टनावरच्या आकड्यानं घाबरून जाऊ नका. तो आकडा पाणी वगळून मोजलेला असतो. कामांबेरवर ४५ टक्के लिहिलेलं असलं तरी त्याचं निम्म्याहून जास्त वजन पाणी. प्रत्यक्ष शंभर ग्रॅममध्ये चरबी वीस-बावीस ग्रॅम. ब्रिया-सावारँ मात्र खरंच जड. ब्री म्हणून ते कुणी पुढे केलं तर सुरीकडे बघा: सुरीला लोण्यासारखं चिकटतं, ताणलं जात नाही, जिभेवर ठेवलं की विरघळून नुसता गारवा उरतो. साखर आणि वेलची घातली तर पंगतीत श्रीखंड म्हणून खपेल.

शेळीच्या दुधाचं चीज याच आंबट घराण्यातलं, आणि पांढऱ्या सालीमुळे पुष्कळदा ब्रीशी गल्लत होते. ही गल्लत रंग सोडवतो. गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं का, हे आपल्याला ठाऊक आहे: गवतातलं पिवळं केरोटिन गाईच्या दुधात उतरतं, म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते. शेळीही तेच करते. म्हणून गर हस्तिदंती किंवा पिवळसर असेल तर गाय, चिनी मातीसारखा शुभ्र असेल तर शेळी. लुआर नदीकाठच्या सँत-मोर नावाच्या लांबट चीजमधून तर एक गव्हाळ काडी आरपार जाते. ती चीज सावरायला असते, आणि एओपी असेल तर तिच्यावर बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. काडी काढा आणि वाचा.

नारिंगी, चिकट सालीचं मऊ चीज दिसलं तर तो निराळा वंश. त्याला मिठाच्या पाण्यानं वरचेवर पुसतात, म्हणजे बुरशी मागे पडते आणि नारिंगी जिवाणू वाढतात. तेच जिवाणू माणसाच्या पायमोज्यांतल्या वासाच्याही जवळच्या नात्यातले. चौकोनी असेल तर पाँ-लेवेक, कडेला गवताच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतील तर लिवारो, गोल लाकडी पेटीत वाहत असेल तर एप्वास. लोकलमध्ये नेऊ नका.

इटलीची पांढरी मंडळी

इटलीच्या ताज्या चीजला मुरणं नाही, साल नाही, त्यामुळे बाहेरून सगळीच पांढरी. तिथेही चुन्याचाच हिशेब लावा.

मोझरेल्ला रेनेटच्या दह्याची. ते दही तसंच ठेवून मोजकं आंबट होऊ देतात, इतकं की थोडा चुना जाईल आणि थोडा राहील. मग उकळत्याच्या जवळच्या पाण्यात घालून ओढतात. चुना जास्त राहिला तर ताणलं जात नाही, फार गेला तर पाण्यात विस्कटतं. मधल्या त्या नेमक्या क्षणी ते मैद्याच्या तिंबलेल्या गोळ्यासारखं लांबतं, आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत गोळा तोडतात. तोडण्याच्या इटालियन शब्दावरूनच मोझरेल्ला हे नाव. ताजी कापली की आत चिरोट्यासारखे पदर दिसतात आणि दुधाळ पाणी सुटतं. म्हशीच्या दुधाची असेल तर पांढरीशुभ्र, जरा आंबूस, पदर सैल; नाव ‘मोझरेल्ला दी बुफाला कंपाना’, १९९६ पासून युरोपात राखीव. गाईच्या दुधाची असेल तिला इटलीत ‘फियोर दी लात्ते’ म्हणतात, ती किंचित पिवळी आणि घट्ट. पिझ्झावर टाकायचा पिवळट कीस हा पाणी काढलेला तिसराच प्रकार.

बुर्राता दिसते मोझरेल्लासारखी, पण डोक्यावर गाठ असते. विसाव्या शतकातली, दक्षिणेच्या आंद्रिया गावची. मोझरेल्लाचीच पारी थापून त्यात मोझरेल्लाच्या चिंध्या आणि साय भरून तोंड मिटतात. मोदकाची कृती सांगतेय असं वाटेल, पण इथे सारण वाहतं. नुसत्या त्या चिंध्या-सायीला स्त्राच्चातेल्ला म्हणतात. बुर्राता कापायची ती खोलगट ताटलीत. माझी पहिली टेबलक्लॉथवर गेली.

रिकोत्ता आणि मास्कारपोने यांची गल्लत पाककृतींमुळे होते. रिकोत्ता निवळीची: चीज काढून उरलेली निवळी पुन्हा तापवली की तिच्यातली उरलेली प्रथिनं गुठळून वर येतात. नावाचा अर्थच ‘पुन्हा शिजवलेलं’. हलकी, रवाळ, गोडसर, चरबी थोडी. मास्कारपोने सायीचं: साय तापवून तिच्यात जरासं आम्ल, मग गाळणं. घट्ट, गुळगुळीत, शंभरात चाळीसहून जास्त चरबी. मास्कारपोनेऐवजी चक्का चालतो असं सांगणाऱ्या मराठी पाककृतीवर विश्वास ठेवून मी एकदा तिरामिसू केलं. कॉफीतलं श्रीखंड झालं.

सासूबाईंचा प्रश्न

सासूबाई शाकाहारी. त्या आल्या तेव्हा बाजारात बाईंसमोर उभं राहून त्यांनी मला विचारायला लावलं: यात वासराचं काही आहे का? बाईंना प्रश्नच कळेना. रेनेटशिवाय चीज कसं होईल? ब्री द मो, कामांबेर द नॉर्मंदी, सगळ्यांत वासराचं रेनेट. आंबट घराण्यातल्या चीजमध्येही थोडं असतंच. रिकोत्तात वेगळं घालत नाहीत, पण जिच्यापासून ती होते ती निवळी बहुधा रेनेटच्या दह्याचीच. मास्कारपोने त्या मानानं सरळ, त्याला आम्ल पुरतं. भारतात बनणाऱ्या चीजमध्ये बहुधा सूक्ष्मजीवांपासून काढलेलं रेनेट असतं, पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्यायचा. युरोपात मात्र घटकांत नुसतं ‘रेनेट’ लिहून मोकळे होतात.

तोडगा निघाला पोर्तुगीज दुकानात. पॅरिसच्या आसपास पोर्तुगीज वस्ती मोठी आहे. तिथे सेरा द इश्त्रेला नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज मिळालं. त्याचं दूध घट्ट करतात आर्टिचोकच्या भाईबंदातल्या एका काटेरी झाडाच्या वाळवलेल्या जांभळ्या फुलांनी. ती मिठाबरोबर कुटून दुधात जातात. राखीव नावाच्या चीजला तो नियमच आहे. कडेला कापडाची पट्टी बांधलेली, साल गुळगुळीत पिवळी, बुरशी नाही, आत गर इतका सैल की वरची चकती झाकणासारखी कापून चमच्यानं काढतात. चवीला फुलाचा किंचित कडवटपणा असतो, मेथीच्या जवळपासचा.

सासूबाईंनी एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा गरम भाकरीवर घेतला आणि विचारलं, लसणाची चटणी आणली होतीस ना गं?